हँडलमधली थरथर: व्ही-स्ट्रॉम 650 आणि लांबचा रस्ता

2021च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने आपल्या ग्राहकांसाठी एक छोटी सूचना काढली होती. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन थेट बसवू नका, असं त्यात म्हटलं होतं. इंजिनाची थरथर चौकटीतून आणि हँडलमधून फोनपर्यंत पोहोचते आणि कॅमेऱ्याची लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा कालांतराने बिघडू शकते, हे त्यामागचं कारण. ती वाचून तुमच्यापैकी अनेकांनी रबराचं डॅम्पर असलेला माउंट मागवला असेल. फोनची सोय झाली. पण त्याच हँडलवर दिवसभर तुमचे हातही असतात, त्यांच्यासाठी काय मागवलंत?

मला हा प्रश्न एकदा एम-6 वर पडला. मित्राची एक सिलिंडरची बाईक उसनी घेऊन मँचेस्टरहून ग्लासगोला निघालो होतो. साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता, मधे एकदा चहा. पहिल्या तासात मजा वाटली. दुसऱ्या तासात करंगळीला मुंग्या आल्या. मोटरवे सोडून पहिल्या राउंडअबाउटला आलो तेव्हा उजव्या हाताची बोटं इतकी बधीर झाली होती, की ब्रेकची लिव्हर किती दाबली गेली आहे तेच कळेना. समोरच्या व्हॅनच्या मागे थांबलो खरा, पण जेवढं अंतर ठेवायचं ठरवलं होतं त्याच्या निम्म्यावर. थंडी होती, मी हँडलही आवळून धरलं होतं, म्हणजे सगळा दोष गाडीचा नव्हता. तरी तेव्हापासून कुठल्याही टूरिंग बाईकच्या माहितीपत्रकात मी अश्वशक्तीच्या आधी इंजिनाची रचना बघतो.

म्हणून आज एकच गाडी उघडून बघू: सुझुकी व्ही-स्ट्रॉम 650. 2004पासूनची, मधल्या वर्गातली, दिसायला खरं सांगायचं तर बेताचीच. आकडे 2017च्या मॉडेलचे घेतो. 645 सीसी, दोन सिलिंडर, 52 किलोवॅट म्हणजे साधारण 70 अश्वशक्ती, वजन 213 किलो, टाकी 20 लिटरची. यातल्या कशानेच कुणी भारावून जाणार नाही. पण तिचे दोन सिलिंडर एकमेकांशी 90 अंशांचा कोन करून बसवलेले आहेत आणि माझ्या मते या गाडीची निम्मी गोष्ट त्या कोनात आहे.

आधी एकच पिस्टन घेऊ. या इंजिनात तो 62.6 मिलिमीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. मोटरवेच्या वेगाला इंजिन मिनिटाला पाच ते सहा हजार फेरे घेतं. हिशेबाला सोपं म्हणून सहा हजार धरू, म्हणजे सेकंदाला 100. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर एकदा आणि खाली एकदा पूर्ण थांबतो. म्हणजे एका सेकंदाच्या दोनशेव्या भागात तो शून्यावरून ताशी 70 किलोमीटरवर जातो आणि परत शून्यावर येतो. त्याला थांबवायला आणि उलटं फिरवायला लागणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या हजारपटीहून जास्त होतं. पिस्टन आणि त्याच्यासोबत वरखाली होणारे भाग मिळून समजा 300 ग्रॅमचे असतील, तर इंजिनाच्या खोक्याला सेकंदाला शंभर वेळा पावणेचारशे किलोच्या वजनाइतका हिसका वर आणि तेवढाच खाली बसतो. हँडलमधून हातात येणारी झिणझिण ती हीच.

हा हिसका मोडायचा कसा? क्रँकशाफ्टवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन लावायचं, हा पहिला विचार. पण ते वजन गोल फिरतं आणि पिस्टन फक्त वरखाली होतो. पिस्टन वर असताना वजन खाली, इथपर्यंत ठीक. पण पाव फेऱ्यानंतर पिस्टनचा जोर संपलेला असतो आणि वजन मात्र आडव्या दिशेला खेचत असतं. म्हणजे उभी थरथर पूर्ण काढायला गेलात तर आडवी तयार होते. म्हणून एक सिलिंडरच्या इंजिनात साधारण निम्मंच वजन लावून तडजोड करतात. नाहीतर उलट्या दिशेने फिरणारा एक वेगळा बॅलन्सर शाफ्ट घालतात. जुन्या बुलेटवर पुण्याहून महाबळेश्वरला गेलेल्या काकांचे हात का थरथरायचे आणि 2020नंतरच्या रॉयल एनफिल्डच्या 350 सीसी गाड्या एवढ्या मऊ का लागतात, याचं बरंचसं उत्तर या शाफ्टमध्ये आहे. जुन्या इंजिनात तो नव्हता, नव्यात आहे.

आता दुसरा सिलिंडर आणू, पहिल्याशी काटकोनात. इथे आजीचं जातं आठवा. जात्याचा खुंटा समोरून बघितला तर नुसता डावीउजवीकडे जाताना दिसतो. बाजूने बघितला तर नुसता मागेपुढे. दोन्ही सरळ हालचाली, पण काटकोनात आणि एकमेकींच्या पाव फेरा मागेपुढे. म्हणून त्या मिळून वर्तुळ होतं. 90 अंशांच्या व्ही इंजिनात नेमकं हेच घडतं. दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनला जोडलेले, एकाचा जोर या दिशेला, दुसऱ्याचा काटकोनात, पाव फेऱ्याच्या अंतराने. दोन्ही हिसके मिळून एकच बल तयार होतं, ज्याचा आकार बदलत नाही, फक्त दिशा गोल फिरते. आणि गोल फिरणाऱ्या बलाला क्रँकशाफ्टवरचं साधं वजन पूर्णपणे पुसून टाकू शकतं. तडजोड नाही, वेगळा बॅलन्सर शाफ्ट नाही. व्ही-स्ट्रॉम 650च्या इंजिनात तो नाहीच.

पूर्ण शांतता मात्र मिळत नाही. क्रँकला जोडणारा दांडा तिरका होत जातो, त्यामुळे पिस्टनची हालचाल अगदी शुद्ध लयीत नसते आणि दुप्पट वारंवारतेचं एक लहान बल उरतं. ते या रचनेत जात नाही. पण प्रत्येक सिलिंडरमागे ते मूळ हिसक्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकंच असतं.

ही युक्ती सुझुकीची नव्हे. मोटो गुझी आणि डुकाटी या इटालियन कंपन्या पन्नासहून अधिक वर्षं 90 अंशांची इंजिनं बनवत आल्या आहेत. हार्लेचा कोन 45 अंशांचा, तिथे हे गणित जुळत नाही आणि तो हिसका हीच त्या गाडीची ओळख होऊन बसली आहे. ज्याची त्याची आवड.

मग सगळेच 90 अंश का वापरत नाहीत? कारण तो कोन महाग पडतो. दोन सिलिंडर दोन दिशांना, म्हणून दोन वेगळे सिलिंडर हेड, चार कॅमशाफ्ट, एग्झॉस्टची नळी एकाची पुढून आणि दुसऱ्याची मागून. इंजिन पुढेमागे लांब होतं आणि चौकटीत बसवताना इंजिनिअरांची डोकेदुखी वाढते. दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी उभे केले, म्हणजे पॅरलल ट्विन केलं, तर एकच हेड आणि दोनच कॅमशाफ्ट पुरतात. क्रँकपिन 270 अंशांनी फिरवून ठेवल्या की स्फोटांचा ठेकाही हुबेहूब व्हीसारखा येतो: एक, मग 270 अंशांनी दुसरा, मग 450 अंशांची विश्रांती. यामाहाची ट्रेसर 7 आणि रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर 650 याच पद्धतीच्या. गंमत अशी की इथे हिशेब उलटा होतो: दुप्पट वारंवारतेचं लहान बल आपोआप कटतं, पण मोठा हिसका उरतो आणि त्याच्यासाठी बॅलन्सर शाफ्ट घालावाच लागतो. सुझुकीने स्वतः 2022मध्ये व्ही-स्ट्रॉम 800डीई जाहीर केली ती 270 अंशांची पॅरलल ट्विन, दोन बॅलन्सर शाफ्टसकट. म्हणजे ज्या कंपनीकडे आयता काटकोन होता तिनेही तो या नव्या गाडीत सोडला. मला जरा वाईट वाटलं, पण निर्णय कळतो.

थरथरीचा धोका माझ्या मनाचा खेळ नाही. युरोपीय संघाच्या 2002च्या निर्देशात आणि ब्रिटनच्या 2005च्या नियमांत कामगारांच्या हातांना बसणाऱ्या कंपनांवर मर्यादा आहे: आठ तासांच्या सरासरीने 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि 5च्या वर जाऊच द्यायचं नाही. ड्रिल आणि चेनसॉ वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांची बोटं पांढरी पडतात, संवेदना जाते, म्हणून हे नियम आले. रविवारी फिरायला निघालेल्या तुमच्यामाझ्यासाठी असा काही नियम नाही. आणि ताशी 110 किलोमीटरला तुम्ही सेकंदाला 30 मीटर पुढे जाता, तेव्हा बधीर बोटांनी अर्धा सेकंद उशिरा ब्रेक लावला तर पंधरा मीटर गेलेच.

दुसरा थकवा वाऱ्याचा. ताशी 80वरून 112वर गेलात की वाऱ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि ती ढकल छातीने आणि मानेने सोसायची. पुढची काच त्यासाठी असते. पण काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारे भोवरे नेमके हेल्मेटवर आदळले तर काच नसलेली बरी असं वाटतं. या गाडीची काच तीन उंचींवर बसते, मात्र बदलायला थांबून पाना काढावा लागतो. तुमची उंची आणि काचेची उंची जुळेपर्यंत दोनतीनदा खटाटोप करा. आणि काच कितीही चांगली असली तरी कानात इअरप्लग घालाच. मोटरवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत शंभर डेसिबलच्या आसपास आवाज असतो.

बाकीचं भराभर सांगतो. पुढचं चाक 19 इंची, त्यामुळे खड्ड्यात 17 इंचीपेक्षा कमी आपटतं. मागच्या सस्पेन्शनचा ताण वाढवायला हाताने फिरवायचा नॉब आहे. मागे कुणी बसलं किंवा पेट्या भरल्या की तो फिरवा. बहुतेक जण तो कधीच फिरवत नाहीत आणि मग गाडी वळणात डुलते म्हणून तक्रार करतात. 20 लिटरमध्ये साडेतीनशे-चारशे किलोमीटर आरामात होतात, स्कॉटलंडच्या उत्तरेला त्याची किंमत कळते. एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोलही आहे, पण गाडी किती कललेली आहे हे मोजणारा सेन्सर या मॉडेलमध्ये नाही. त्यामुळे ओल्या वळणात झुकलेले असताना ब्रेक दाबलात तर एबीएस तुम्हाला सरळ रस्त्याइतकं सांभाळून घेणार नाही. चेन आहे, म्हणजे अधूनमधून तेलात हात घालणं आलंच.

ब्रिटनमध्ये असाल आणि वय 19च्या पुढे पण 24च्या आत असेल, तर ए-2 लायसन्सवर 35 किलोवॅटची मर्यादा आहे. मूळ ताकद त्याच्या दुपटीपेक्षा जास्त नसेल तर मोठी गाडी आवळून वापरता येते. 52 किलोवॅटची व्ही-स्ट्रॉम त्यात बसते. दोन वर्षांनी पुढची परीक्षा दिलीत की तीच गाडी मोकळी करून घ्यायची. इन्शुरन्सवाल्यांना दोन्ही वेळा कळवा, हे विसरलात तर क्लेमच्या वेळी रडाल.

कुठलीही टूरिंग बाईक घ्यायला जाल तेव्हा दुकानाभोवती एक चक्कर मारून परत येऊ नका. मोटरवेवर निदान वीस मिनिटं चालवू द्या, असं आग्रहाने सांगा. सहाव्या गिअरमध्ये वेग धरला की आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचायचा प्रयत्न करा. अक्षरं नीट दिसली तर ठीक. नुसता पिवळा-पांढरा धब्बा दिसला तर विक्रेता अश्वशक्तीबद्दल काय सांगतोय ते ऐकून घ्या आणि पुढची गाडी बघा.