रणगाड्याचे इंजिन बदलते तेव्हा...

अंबरनाथमध्ये कुणी ‘मी फॅक्टरीत आहे’ असे म्हटले की जुना माणूस लगेच विचारतो, ‘ऑर्डनन्स की एमटीपीएफ?’ बाहेरच्यांना दोन्ही सारख्याच वाटतात. पण १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा या दोन शेजारणींच्या वाटा वेगळ्या झाल्या. ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरच्या ‘यंत्र इंडिया’कडे गेली. मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे एमटीपीएफ, ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’मध्ये गेली. या निगमचे मुख्यालय चेन्नईजवळच्या आवडीला आहे आणि देशातले रणगाडे तिथेच बांधले जातात.

या निगमच्या वाट्याला सध्या एक मोठे काम आले आहे. ७ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने रशियाच्या रोसोबोरोनएक्स्पोर्ट कंपनीशी २४ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. आपल्या सैन्यातल्या टी-७२ रणगाड्यांत ७८० अश्वशक्तीचे इंजिन आहे. त्याच्या जागी १००० अश्वशक्तीचे बसवायचे आणि त्याचे तंत्रज्ञान आवडीला आणायचे, असा हा करार आहे. बातमी दोन ओळींची होती. वाचणाऱ्याला वाटावे, जुने काढले, नवे टाकले, झाले. ज्याने जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचे इंजिन चढवून पाहिले आहे, त्याला मात्र ठाऊक असते की इंजिन बसवणे हा कामातला सोपा भाग. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते.

आधी ताकदीचा हिशेब करू. टी-७२ चे वजन साधारण साडेएकेचाळीस टन. म्हणजे सध्या टनामागे १९ घोडे पडतात, नवे इंजिन आल्यावर ते २४ होतील. आपल्या साध्या छोट्या मोटारीत टनामागे ऐंशी-नव्वद घोडे असतात! पण मोटारीला नांगरलेल्या शेतातून, वाळूतून किंवा नाल्याच्या चढावरून जायचे नसते. पट्ट्यांवर चालणाऱ्या वाहनाची बरीच ताकद पट्टे फिरवण्यात आणि माती तुडवण्यातच खर्च होते. शिवाय वळताना एका बाजूचा पट्टा मंद करावा लागतो, तेव्हा इंजिनावर आणखी ताण येतो. त्यामुळे टनामागे पाच घोडे वाढणे ही रणगाड्याच्या दृष्टीने चैन नव्हे.

टी-७२ मध्ये इंजिन आडवे बसते. त्याची ताकद आधी दातेरी चाकांच्या एका लांबट पेटीत जाते. तिच्या आकारावरून रशियन कारागिरांनी तिला ‘गिटार’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिले. गिटारमधून ताकद डाव्या-उजव्या गिअरबॉक्सकडे वाटली जाते. थंड करणारा पंखा, हवेचा कॉम्प्रेसर आणि वीज तयार करणारा स्टार्टर-जनरेटरही याच पेटीवर चालतात. इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवून ताकद ७८० वरून १००० केली, तर पीळ २८ टक्क्यांनी वाढतो. हा वाढलेला पीळ गिटारच्या प्रत्येक दात्याला सोसावा लागतो. तिथे कमकुवत दाता राहिला, तर नवे इंजिन कितीही उत्तम असो, रणगाडा माळावर उभा राहणार.

मग उष्णता. चांगले डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण ३८ टक्के कामाला लावते, उरलेली गरम धूर आणि गरम पाणी होऊन बाहेर पडते. २२० घोडे जास्त म्हणजे सुमारे १६४ किलोवॉट जास्त काम, आणि त्याच्या जोडीला अडीचशे किलोवॉटहून अधिक फुकटची उष्णता. घरातला गिझर दोन किलोवॉटचा धरला, तर एका बंद लोखंडी पेटीत सव्वाशे गिझर जास्तीचे सुरू केल्यासारखे झाले. तेही मे महिन्यात, राजस्थानच्या वाळूत. त्यामुळे इंजिनाबरोबर रेडिएटर, पंखा आणि हवेच्या गाळण्या यांचाही हिशेब नव्याने मांडावा लागतो.

हे दुखणे जुनेच आहे. १९७० च्या सुमारास इस्रायलने आपल्या ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्यांतले मीटिअर पेट्रोल इंजिन काढून ७५० अश्वशक्तीचे अमेरिकी डिझेल इंजिन बसवले. मीटिअर हे स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचे भावंड. नवे इंजिन मागच्या कप्प्यात मावेना, म्हणून रणगाड्याची पाठच उंच करावी लागली. गिअरबॉक्सही बदलला. पण पल्ला वाढला, आणि पेट्रोलपेक्षा डिझेल सहज पेट घेत नाही, हा माणसांच्या जिवाशी संबंध असलेला फायदा झाला. आपल्याकडेही सेंच्युरियन होते. १९६५ च्या युद्धात ते लढले. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन पाहता येतो, आणि आवडीला बनलेला आपला विजयंताही. मुलांना घेऊन जाल तेव्हा तोफेपुढे फोटो काढून झाल्यावर एकदा मागच्या बाजूला जाऊन इंजिनावरच्या जाळ्या बघा. रणगाडा श्वास घेतो तो तिथून.

आता वायरिंग. यावर कुणी बातमी लिहीत नाही, पण माझ्या मते जुन्या वाहनाच्या दुरुस्तीतला सर्वांत फसवा भाग हाच. रणगाड्यातली वीज २४ व्होल्टची असते आणि आपल्या मोटारीप्रमाणेच परतीची तार म्हणून वाहनाचे लोखंडी अंगच वापरलेले असते. एवढे मोठे डिझेल इंजिन विजेवर सुरू करायला काही शे अँपियर लागतात. हिशेबाला ५०० धरू. आता अर्थिंगच्या बोल्टखाली रंगाचा थर राहिला किंवा गंज चढला आणि तिथे फक्त एक शतांश ओहम विरोध तयार झाला. साध्या मीटरवर तो दिसणारही नाही. पण ५०० अँपियर त्यातून जाताना ५ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात आणि स्टार्टरला २४ ऐवजी १९ मिळतात. मेकॅनिक बॅटरी बदलतो, स्टार्टर बदलतो, दोष जागेवरच. शिवाय त्या एका बोल्टपाशी अडीच हजार वॉट उष्णता तयार होते. गिझरपेक्षाही जास्त, बोटाएवढ्या जागेत! शेजारून तेल झिरपलेली जुनी तार जात असेल, तर पुढचे सांगायला नको. म्हणून नव्याने वायरिंग करताना आधी घासकागद हातात घ्यावा, मग पक्कड.

बुरुज हा आणखी वेगळा प्रश्न. तो गोल फिरतो, त्यामुळे खालून वर सरळ तार नेली तर दोन-तीन फेऱ्यांत तिचा पीळ होईल. त्यासाठी फिरत्या कड्यांवर घासत जाणारे संपर्क असतात. धूळ बसली की तिथेही वीज अडखळते. आणि बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. बंद वाहनात त्याला बाहेर जायला वाट ठेवावी लागते.

या सगळ्याच्या मधोमध तीन माणसे बसलेली असतात. चालक, तोफची आणि कमांडर. पट्ट्यांच्या वाहनात वेगाने जाताना आवाज १०० डेसिबलच्या बराच पुढे जातो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येते, पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, असा अमेरिकी आरोग्य संस्थेचा नियम आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पाऊण तासही मिळत नाही. पंधरा मिनिटे मिळतात. ११५ ला अर्धा मिनिट. कानावरची हेल्मेट म्हणूनच गणवेशाचा नव्हे, उपचाराचा भाग मानायला हवीत, कारण आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

हादऱ्यांचेही तसेच. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त साथ देतो, म्हणजे नेमका तिथेच जास्त हलतो. खडबडीत जमिनीवर वाहनाचे हादरे याच पट्ट्यात येतात. नव्या इंजिनाने रणगाडा त्याच खडकाळ वाटेवर जास्त वेगाने जाईल. निलंबन आणि आसन जुनेच राहिले, तर वाढलेल्या वेगाचा भार चालकाच्या कमरेवर पडेल. प्रत्यक्षात अनेकदा होते असे की, इंजिन पूर्ण वेग देऊ शकत असते, पण चालकच पाय आखडता घेतो.