दोन हात आणि अनेक धनी

"आपला धंदा कोणता?" हा प्रश्न पुण्यांत किंवा नागपुरांत विचारला, तर बहुधा एका शब्दांत उत्तर मिळतें. कोणी कारकून असतो, कोणी शिक्षक, कोणी सुतार. परंतु चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या झाडीपट्टींत एखाद्या मजुरास हाच प्रश्न विचारला, तर त्याला आधीं महिना कोणता तें पाहावें लागतें. चैत्रांत मोहफुलें वेंचावयाचीं. पुढें उन्हाळ्यांत तेंदूचीं पानें तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे. पावसाळ्यांत धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. कित्येकांना हिंवाळ्याच्या अखेरीस मिरची तोडण्याकरितां तेलंगणाची वाट धरावी लागते. उरलेल्या दिवसांत मूल-ब्रह्मपुरीकडील भातगिरणींत हमाली, ठेकेदाराकडे बांधकाम, रोजगार हमीचें मातीकाम. अनेक ठिकाणचा पैसा एकत्र होतो, तेव्हां कोठें एक संसार चालतो.

अशा माणसाचे हात गेले, तर त्याचें नुकसान कोणत्या मापानें मोजावयाचें, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनीं वेतनाचा विचार केला नव्हता असें नाहीं. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत वेतन न देणें हें एक स्वतंत्र पद आहे. आजारी पडलेला सेवक बरा झाल्यावर ठरलेलें काम पुरें करील, तर फार दिवस लोटले तरी त्याचें वेतन त्याला मिळावें, असेंही तेथें म्हटलें आहे. परंतु जो पुन्हा कामावर येऊंच शकत नाहीं त्याचें काय, हा प्रश्न यंत्रयुगानें तीव्र केला. त्याचें उत्तर म्हणून आपल्या देशांत १९२३ सालीं कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला व १ जुलै १९२४ पासून तो अमलांत आला. झाडें तोडणें, नदीतून लांकूड वाहून नेणें, वणवा विझविणें हीं कामेंही त्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत होतीं. म्हणजे अरण्यांतील मजुराचें स्मरण कायदेकर्त्यांना होतें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली आहे. मूळ तत्त्व मात्र तेंच आहे. काम करीत असतां व कामामुळें इजा झाली एवढें सिद्ध झालें म्हणजे पुरे. धन्याची चूक दाखवावी लागत नाहीं.

येथपर्यंत सर्व ठीक. अडचण पुढें आहे.

कायमचें अपंगत्व म्हणजे काय, हें सांगतांना कायदा मोठी व्यापक दृष्टि घेतो. अपघाताच्या वेळीं जीं जीं कामें करण्यास तो मनुष्य समर्थ होता, त्या सर्वांचा तो विचार करतो. १९७५ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें एका सुताराचें प्रकरण आलें. त्याचा डावा हात कोपराच्या वरून तोडावा लागला होता. एका हातानें सुतारकाम होत नाहीं, म्हणून त्याचें अपंगत्व संपूर्ण मानावें, असा निर्णय न्यायालयानें दिला. परंतु भरपाईची रक्कम काढण्याची वेळ आली कीं तीच दृष्टि एकाएकीं संकुचित होते. ज्या धन्याकडे अपघात झाला, त्यानें दिलेलें वेतन तेवढें मोजावयाचें, असा हिशेबाचा नियम आहे. इजा मोजतांना सर्व कामें पाहिलीं जातात आणि पैसा मोजतांना एकच!

एक उदाहरण घेऊं. चाळीस वर्षांचा एक मजूर वर्षभर दरमहा १५ दिवस भातगिरणींत व १० दिवस ठेकेदाराकडे काम करतो. रोज ४०० रुपये. महिन्याची प्राप्ति १०,००० रुपये. त्यांपैकीं गिरणीचे ६,०००. गिरणीच्या पट्ट्यांत सांपडून त्याचे दोन्ही हात गेले. कायमच्या संपूर्ण अपंगत्वास मासिक वेतनाच्या शेंकडा ६० रकमेला वयाप्रमाणें ठरलेल्या गुणकानें गुणावयाचें. चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७ आहे. गिरणीच्या वेतनावर भरपाई होते ६,६३,०१२ रुपये. सर्व प्राप्ति धरली असती तर ती ११,०५,०२० झाली असती. म्हणजे ४,४२,००८ रुपयांची तूट! मजूर व त्याचें वेतन कल्पित आहे, पण गणित खरें आहे. जे हात ठेकेदाराच्या विटा उचलीत होते, तेच हात गिरणींत गेले. ते कांहीं निराळे नव्हते.

यावर गिरणीवाला म्हणेल, "दुसऱ्यानें दिलेल्या मजुरीची भरपाई मीं कां द्यावी?" हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु इंग्लंडच्या १९०६ च्या कायद्यानें त्याला उत्तर दिलें होतें. मजूर एकाच काळांत दोन किंवा अधिक धन्यांकडे करारानें काम करीत असेल, तर त्याची सर्व कमाई अपघाताच्या वेळच्या धन्याकडेच झाली असें समजून हिशेब करावा, असें त्यांत स्पष्ट होतें. आपल्याकडे कायदा झाला तो त्यानंतर सतरा वर्षांनीं. तरी ही तरतूद त्यांत आली नाहीं. लहान धन्यावर सर्व भार टाकणें जड वाटत असेल, तर वाढीव भाग विम्याच्या सामाईक निधींतून द्यावा, असें आमचें मत आहे.

मोहफुलांसारखी स्वतःच्या श्रमाची प्राप्ति तर वेतनच नव्हे. ती इंग्लंडच्या नियमांतही बसली नसती. मोटार-अपघाताची गोष्ट मात्र वेगळी आहे. मजुरांची गाडी उलटली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं दावा करतां येतो व तेथें सर्व मिळकत विचारांत घेतली जाते. मात्र तेथें सामान्यतः चालकाची चूक सिद्ध करावी लागते, आणि दोन्हींपैकीं एकच मार्ग निवडावा लागतो.

वाचकांपैकीं कित्येकांचीं धानाचीं शेतें आहेत, कोणाचें घर बांधलें जात आहे, कोणाची लहानशी गिरणी आहे. या प्रश्नांत आपण नुसते प्रेक्षक नसून धनीही आहों. म्हणून चार गोष्टी घरांत सर्वांना ठाऊक असाव्यात. मजुरी दिल्याची तारीखवार नोंद ठेवावी व तिची प्रत मजुरासही द्यावी. नोंद नसली कीं एका धन्याचें वेतन सिद्ध करणेंही कठीण होतें. अपघाताची सूचना लेखी व तत्काळ व्हावी; दाव्यास सामान्यतः दोन वर्षांची मुदत आहे. दावा अपघाताच्याच गांवीं करावा लागतो असें नाहीं. परमुलखांत जखमी झालेला आपल्या राहत्या जिल्ह्यांतील सक्षम प्राधिकाऱ्यापुढेंही तो करूं शकतो. आणि मृत्यूची भरपाई परस्पर घरच्यांच्या हातीं देऊन प्रकरण मिटवितां येत नाहीं. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते.

कायदा बदलणें आपल्या एकट्याच्या हातीं नाहीं. परंतु आपल्या दारीं दहा दिवस राबणारा मजूर उरलेले वीस दिवस कोठें राबतो, एवढें विचारणें तरी आपल्या हातीं आहे. त्याला इजा होईल त्या दिवशीं, आपण दिलेल्या दहा दिवसांच्या मजुरीवर त्याचें घर चालत नव्हतें, हें आपल्याला ठाऊक असलें पाहिजे.