मुका चॅनल आणि कूलरचं खारं पाणी

या आठवड्यात अँटिस्केटिंगचं, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा आर्म आत ओढला जाऊ नये यासाठीच्या सोयीचं, उरलेलं अर्धं सांगायचं होतं. ते राहू द्या. जून लागला की टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत येते, आणि यंदाही ती आली आहे. तेल्हाऱ्याहून आली, दर्यापूरहून आली, अकोल्याचं तर विचारूच नका. कोणाचा डावा चॅनल गेलाय, कोणाचा उजवा. तेल्हाऱ्याच्या वाचकांना दुकानदाराने नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला सांगितलंय, आणि घेऊ का, असं ते मला विचारतात.

घेऊ नका. पेरणीच्या तोंडावर तर मुळीच नको. स्टिरिओचा एकच चॅनल जाणं ही खरं तर सोय आहे. दोन्ही गेले असते तर ताडून कशाशी पाहणार? एक बंद पडला तरी त्याचा जुळा भाऊ शेजारी ठणठणीत वाजत असतो. त्यामुळे हाती मीटर नसला तरी निम्म्याहून जास्त निदान घरीच होतं. अमरावतीत ज्यांच्या दुकानात बसून मी हे शिकलो ते मेकॅनिक, सेट टेबलावर येताच पेचकस उचलणाऱ्या पोरावर खेकसायचे, "डबा कायले उघडतं बे? पयले मांगच्या पिना तं पलटव!"

तर पिना पलटवू. आधी अ‍ॅम्प बंद करा. चालू सेटमधून पिन ओढली की जो घर्रकन आवाज निघतो, त्यात चांगला ट्विटर जाऊ शकतो. मग रेकॉर्ड प्लेअरच्या किंवा डेकच्या दोन आरसीए पिना अ‍ॅम्पच्या मागे जिथे लागतात, तिथे लाल पांढरीच्या जागी लावा आणि पांढरी लालच्या. सेट वाजवा. आधी डावीकडे असलेली शांतता उजवीकडे गेली, तर तुमचा अ‍ॅम्प आणि दोन्ही स्पीकर निर्दोष सुटले. दोष पिनेच्या अलीकडे आहे, म्हणजे वायरीत, डेकमध्ये किंवा काट्रिजच्या चार बारीक तारांत. (लाल आणि हिरवी उजव्याची, पांढरी आणि निळी डाव्याची, हे मागे येऊन गेलंय.) शांतता जागची हललीच नाही, तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा स्पीकरमध्ये.

रेकॉर्ड प्लेअरवाल्यांसाठी आणखी एक खूण. मुक्या बाजूला आवाज वाढवल्यावर हम वाढत असेल, तर बहुधा तार कुठेतरी तुटली आहे आणि फोनोचं इनपुट उघडं पडलंय. हमसुद्धा नाही, अगदी ठार शांतता असेल, तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत का ते आधी बघा.

आता स्पीकर पलटवायचे. बहुतेक लोक सुरुवातच इथून करतात, आणि ते मला पटत नाही. अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल, तर सप्लायचा डीसी थेट स्पीकरच्या टर्मिनलवर येऊन बसतो. डाव्या स्पीकरची कॉइल त्यानेच जाळली असेल आणि तुम्ही उजवा चांगला स्पीकर आणून तिथे लावलात, तर दोन मिनिटांत दोन्ही मुके. आउटपुटला मोठा कपॅसिटर असलेल्या जुन्या सेटांत हा धोका कमी असतो, पण आपला सेट कोणत्या जातीचा हे बाहेरून कळत नाही. म्हणून संशयित स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडवा आणि त्याच्या तारांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. 'टक्' झालं तर कॉइल जिवंत आहे. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर वूफरचा कागद बाहेर येतो. आत गेला तर कोणीतरी तारा उलट्या जोडल्यात. तेही याच वेळी सुधारून घ्या, कारण एक स्पीकर उलटा असला की बास पातळ होतो आणि मधोमध उभा असावा असा गायक खोलीभर पसरतो. मल्टीमीटर असेल तर 8 ओहमचा स्पीकर 6-7 ओहम दाखवेल. अ‍ॅम्पच्या मोकळ्या टर्मिनलवर, आवाज शून्यावर ठेवून, डीसी मोजा. 50 मिलिव्होल्टपर्यंत काही बिघडत नाही. आकडा व्होल्टमध्ये दिसला तर सेट बंद करा आणि मेकॅनिककडे न्या, तिथे आपलं काम संपलं. आकडा ठीक असेल तर खुशाल पलटवा. मुका डबा मुकाच राहिला तर दोष डब्यात किंवा त्याच्या वायरीत, आणि आता दुसराच डबा मुका झाला तर अ‍ॅम्पच्या चॅनलमध्ये.

"अ‍ॅम्पच्या चॅनलमध्ये" म्हटल्यावर लोक हाय खातात. लगेच ट्रान्झिस्टर, आयसी, एसटीकेचा तो न मिळणारा मॉड्यूल! पण दर्यापूरच्या पत्रातली एक ओळ बघा. ते लिहितात, की आवाज कमी ठेवला तर डावीकडे काहीच नाही, मोठा केला की एकदम कडकन सुरू होतो आणि मग बारीक केला तरी चालू राहतो. जळालेला भाग असा वागत नाही, हा कॉन्टॅक्टचा आजार आहे. स्पीकर वाचवणारा रिले ज्या सेटांत असतो, त्यात रिलेच्या पॉइंटांवर ऑक्साइडचा थर चढतो. बारीक आवाजाचा सिग्नल म्हणजे अर्धापाव व्होल्ट, तो या थरातून पार होत नाही. आवाज वाढवला की व्होल्टेज वाढतं, थर फुटतो आणि वाट मोकळी होते, दुसऱ्या दिवसापर्यंत.

रिले नसेल तर हेडफोनचं भोक बघा. बऱ्याच सेटांत स्पीकरचा करंट त्या जॅकमधल्या दोन बारीक पट्ट्यांतून जातो. हेडफोन खुपसला की पट्ट्या उघडतात आणि स्पीकरची जोडणी तुटते. वर्षानुवर्षं कोणी हेडफोन लावला नाही, की त्यातली एक पट्टी काळी पडते. हेडफोनची पिन दहा-वीस वेळा घाला आणि काढा. या एका उपायाने परत बोलू लागलेले सेट मी इतके पाहिलेत, की आता पत्र पूर्ण वाचण्याआधीच तो लिहून पाठवावासा वाटतो. तसंच टेप मॉनिटरचं बटण, स्पीकर ए-बीचा स्विच, बॅलन्स आणि व्हॉल्यूमचा पॉट : सेट बंद ठेवून प्रत्येक या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगला वीसेक वेळा फिरवा. फरक पडला पण टिकला नाही, तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक बारीक फवारा मारा. एकच. शिलाई मशीनचं तेल किंवा रॉकेल पॉटमध्ये सोडणाऱ्यांनी ही लेखमाला वाचणं थांबवलं तरी चालेल.

आता प्रश्न हा, की हे जूनमध्येच का? माझा संशय कूलरवर आहे, आणि तो जुना आहे. अकोल्यात पारा 45च्या वर गेला की सगळं घर कूलरच्या खोलीत राहायला येतं, सेटही तिथेच, आणि पुष्कळदा कूलरच्या थेट झोतात. त्यात आपल्याकडे पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. तेल्हारा, अकोट, दर्यापूर या भागांतलं बोअरचं पाणी पिकाला नको असतं, पण कूलरच्या टाकीत ते बिनदिक्कत पडतं. महिनाभरात कूलरच्या गवतावर पांढरी खार धरते, ती सगळ्यांनी पाहिली आहे. गवत जास्त भिजलं की पंखा हवेबरोबर बारीक थेंबही फेकतो, आणि त्या थेंबांत तीच खार असते. पितळेच्या आणि तांब्याच्या कॉन्टॅक्टना क्लोराइड आणि ओल यांच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. एप्रिल-मेमध्ये सेट रोज वाजतो आणि आतून गरम राहतो, म्हणून तग धरतो. जूनमध्ये शेताची धावपळ सुरू होते, सेट बंद पडून राहतो, वरून पावसाळी हवा येते. मग एका संध्याकाळी लावावा, तर एक बाजू गप्प.

यावर महागड्या सोन्याच्या पिना घेऊ नका. सेट झोताच्या बाहेर सरकवा आणि मार्च लागायच्या आधी मागच्या सगळ्या पिना एकदा काढून, सुती फडक्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. सँडपेपर लावू नका, मुलामा निघाला की पुढच्या वर्षी दुप्पट गंज चढतो.

परतवाड्याचं पत्र वेगळंच आहे. नातवाने बीटल्सची 'प्लीज प्लीज मी' ही रेकॉर्ड आणली आणि गाणं फक्त उजवीकडून, वाद्यं फक्त डावीकडून येतात. काट्रिज गेलं का? काट्रिज उत्तम आहे. 1963 सालची ही रेकॉर्ड दोन ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित झाली, एका ट्रॅकवर गळे आणि दुसऱ्यावर वाद्यं. खरी नजर मोनो रेकॉर्डवर होती, हे दोन ट्रॅक मिसळून ती करायची होती. स्टिरिओ रेकॉर्डसाठी तेच दोन ट्रॅक दोन बाजूंना ठेवून दिले. तुमच्या अ‍ॅम्पवर मोनोचं बटण असेल तर दाबून ऐका, नातवालाही ते जास्त आवडेल असं मला वाटतं. नव्या अ‍ॅम्पांतून हे बटण काढून टाकणाऱ्यांना काय म्हणावं! दोष रेकॉर्डचा की सेटचा, हे एका दाबात सांगणारं दुसरं काही नाही.

अकोटच्या वाचकांचा उजवा चॅनल मुका नाही, फक्त रेकॉर्डवर आणि फक्त वरच्या पट्टीत चिरकतो. कॅसेट स्वच्छ वाजते. त्यांनी पिना पलटवू नयेत, हेडफोनचं भोकही छेडू नये. ब्रिटिश इंजिनिअर ब्लमलाइनने 1931च्या पेटंटात खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनल मांडले, त्यात आज उजवा बाहेरच्या भिंतीवर असतो, आणि आर्म आत ओढला जात असेल तर सुईची पकड आधी तिथेच सुटते. त्यांना अँटिस्केटिंगच हवंय, म्हणजे पुढचा आठवडा. तोवर आर्मच्या बुडाशी असलेली ती छोटी चकती किंवा दोऱ्याला लटकणारं वजन आहे की हरवलंय, एवढं पाहून ठेवा.