दहाव्या लेण्याच्या कमानीवरचं नाव

या पोरांनो, जवळ सरका. आजची गोष्ट आपल्याच डोंगरातून निघते, नाईल नदीवर जाते आणि वाशीमला परत येते.

आपण मलकापूरकडून घाट चढून बुलढाण्याला येतो ना, तो ज्या रांगेतला घाट, तीच अजिंठ्याची रांग. आपली पैनगंगा तिच्यातच उगवते आणि मेहकरावरून पुढे जाते. याच रांगेत आपल्या पश्चिमेला वाघोरा नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. 28 एप्रिल 1819 या दिवशी जॉन स्मिथ नावाचा मद्रास लष्करातला इंग्रज अधिकारी तिथं वाघाच्या शिकारीला आला होता. समोरच्या टेकाडावरून झाडीत त्याला एक भलीमोठी कमान दिसली. ते दहावं लेणं. तो आत शिरला आणि एका खांबावर, जुन्या चित्रावरच, त्यानं आपलं नाव आणि तारीख खरडली. आजही दिसते ती. तुम्ही कधी गेलात तर असं कुठं काही खरडू नका, एवढं माझं ऐका.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्याच एका नावाबद्दल. त्याच लेण्याच्या दर्शनी कमानीवर त्याच्या दोन हजार वर्षं आधीपासून एक ओळ कोरलेली होती. स्मिथ तिच्याखालून आत गेला. तिच्यात कुणाचं नाव आहे, हे त्या दिवशी अख्ख्या जगात कुणालाच सांगता आलं नसतं. काशीचा पंडित असो की लंडनचा प्राध्यापक, ती ब्राह्मी लिपी वाचणारं कुणी उरलंच नव्हतं. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकानं अशोकाचे दोन खांब उचलून दिल्लीला आणवले आणि त्यांवरचा लेख वाचायला विद्वान बोलावले. कुणालाही अक्षर लागलं नाही.

"अक्षर डोळ्यांसमोर असून कसं वाचता येत नाही, आबा?" धाकटीनं विचारलं. बरोबर विचारलंस. अक्षर म्हणजे माणसामाणसांत ठरलेली खूण. ती शिकवणारा गेला आणि शिकणारा आलाच नाही, की दगड तसाच राहतो आणि वाचन संपतं. असंच इजिप्तमध्ये झालं. तिथल्या चित्रलिपीत तीन हजार वर्षं लिहिलं गेलं. त्या लिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा कोरीव लेख इसवी सन 394 मधला आहे, फिली नावाच्या बेटावरच्या देवळातला. त्यानंतर ती देवळं बंद पडली, पुजारी गेले आणि त्यांच्याबरोबर वाचणारेही गेले. फार लांब कशाला जायचं? वऱ्हाडातल्या जुन्या घरांत पेटीच्या तळाशी मोडीतले कागद असतात. ते लिहिणाऱ्याचेच पणतू आज त्यांतली एक ओळ वाचू शकत नाहीत. मोडी शिकवणारे अजून आहेत, वर्ग चालतात. तुमच्यातल्या एकानं तरी ती शिकावी, असं मला मनापासून वाटतं.

तर इजिप्त. पुढची चौदाशे वर्षं लोक त्या चित्रांकडे बघत राहिले. गिधाड, सिंह, घुबड, साप, डोळा. सगळ्यांचा एकच समज, की ही गूढ चित्रं आहेत, प्रत्येकात एकेक खोल अर्थ दडलाय. मोठमोठ्या विद्वानांनी यावर ग्रंथ लिहिले आणि ते सगळे वाया गेले, कारण सुरुवातच चुकली होती.

1799 च्या जुलैत नेपोलियनचे सैनिक नाईलच्या मुखाजवळ रशीद गावाशी एका जुन्या किल्ल्याची डागडुजी करत होते. तिथं एक काळसर शिळा सापडली. साडेसातशे किलोंहून जड, वरचा कोपरा तुटलेला. तिच्यावर एकच मजकूर तीन लिपींत होता. वर चित्रलिपी, मध्ये इजिप्तचीच रोजच्या वापराची झरझर लिहायची लिपी आणि खाली ग्रीक. ग्रीक वाचता येत होतं. तो इसवी सनपूर्व 196 मधला, पाचव्या टॉलेमी राजाच्या गौरवाचा पुजाऱ्यांचा ठराव निघाला. पुढे इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं आणि शिळा लंडनला नेली. ती आजही ब्रिटिश म्युझियममध्येच आहे.

आता तुम्हाला वाटेल, खाली अर्थ लिहिलाय म्हटल्यावर काम झालंच. पण तसं झालं नाही. शिळा सापडून वीस वर्षं उलटली तरी चित्रलिपी उलगडेना. ग्रीकातला कुठला शब्द वरच्या कुठल्या चित्रापाशी आहे, हे कसं कळायचं? आणि पोरांनो, इथेच या गोष्टीचं मर्म आहे. भाषा बदलली की बाकी सगळे शब्द बदलतात, पण माणसाचं नाव बदलत नाही. मेहकरचा माणूस लंडनला गेला तरी त्याच्या नावाचा उच्चार साधारण तोच राहतो. म्हणून बंद लिपीत शिरायचं, तर नावाच्या दारातून.

चित्रलिपीत काही चित्रांभोवती लांबट कडं काढलेलं असे. त्यात राजाचं नाव असावं, असा अंदाज होता. प्रकाश लाटांसारखा वागतो हे प्रयोगानं दाखवणारा इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यानं शिळेवरच्या कड्यातली टॉलेमीची काही अक्षरं ओळखली. मग फ्रान्सच्या शांपोल्यों या तरुणाच्या हाती फिलीच्या एका स्तंभावरच्या लेखाची नक्कल आली. त्यात दुसरं कडं होतं, क्लिओपात्रा राणीचं.

पाटी घ्या. वरच्या ओळीत सात घरं आखा आणि टॉलेमीचं नाव त्यांच्या पद्धतीनं लिहा, प, त, ओ, ल, म, ई, स. खालच्या ओळीत नऊ घरं आखा, क, ल, ए, ओ, प, आ, त, र, आ. आता वरच्या पहिल्या घरात इजिप्तच्या कारागिरानं एक चौकोन काढलाय. तो खरंच 'प' असेल, तर खाली कितव्या घरात यायला हवा? पाचव्या. आणि तो पाचव्याच घरात आहे! वर चौथ्या घरात बसलेला सिंह आहे, म्हणजे 'ल'. खाली तो दुसऱ्या घरात बसलाय. वरचा तिसरा दोरीचा फास खाली चौथ्या जागी आहे. खाली सहाव्या आणि नवव्या, दोन्ही घरांत तेच गिधाड, कारण दोन्हीकडे 'आ'. एक 'त' तेवढा जुळत नाही. वर अर्धगोल आहे आणि खाली हाताचा पंजा. शांपोल्यों डगमगला नाही. एका आवाजाला दोन चिन्हं असू शकतात, असं तो धरून चालला आणि ते खरं ठरलं. म्हणजे सिंहाच्या चित्राचा सिंहाशी काही संबंध नव्हता, तिथं तो नुसता 'ल' होता.

थोरला म्हणतोय, ही तर परकी नावं झाली. टॉलेमी काय, क्लिओपात्रा काय, घराणं ग्रीक. तुझी शंका शांपोल्योंलाही होती. परक्यांच्या नावापुरती चित्रं आवाजासारखी वापरली असतील, जुन्या अस्सल इजिप्शियन राजांचं काय? 14 सप्टेंबर 1822 ला त्याच्यासमोर अबू सिंबेलच्या देवळातल्या नकला आल्या. त्यात एक कडं होतं. आधी सूर्याचा गोल, मग एक अनोळखी चिन्ह, शेवटी दोनदा 'स'. हा 'स' टॉलेमीच्या नावातून ओळखीचा झाला होता. पण सूर्याला त्या काळी काय म्हणत?

इथं दुसरी किल्ली कामाला आली. इजिप्तमधल्या ख्रिस्ती देवळांत कॉप्टिक भाषेत प्रार्थना होत. ती जुन्या इजिप्शियन भाषेचीच शेवटची पिढी. लिपी ग्रीक वळणाची झाली, पण आत शब्द जुनेच. पेवात धान्य टिकावं तसे ते त्या प्रार्थनांमध्ये टिकले. शांपोल्यों लहानपणापासून ती भाषा शिकला होता, मनातल्या मनात ती बोलायचा. कॉप्टिकमध्ये सूर्य म्हणजे 'रे'. मधलं चिन्ह त्यानं रशीदच्या शिळेवर जिथं जन्मदिवसाचा उल्लेख येतो तिथं पाहिलं होतं, आणि जन्म देणं याला कॉप्टिक शब्द 'मिसे'. रे, मस, स. रामसेस! तीन हजार वर्षांपूर्वीचा अस्सल इजिप्शियन राजा. सांगतात की तो धावत भावाच्या कचेरीत गेला, "सापडलं मला!" असं काहीतरी ओरडला आणि कोसळलाच. ही चित्रं कधी आवाज दाखवतात, तर कधी आख्खा शब्द, आणि दोन्ही एकाच ओळीत येतात, हे त्यानं पुढच्या दोन वर्षांत सिद्ध केलं. एक्केचाळिसाव्या वर्षी, 1832 मध्ये, तो गेला.

आता परत आपल्याकडे. ब्राह्मीला रशीदच्या शिळेसारखी शिळा मिळाली नाही. लहानशी मदत एका ग्रीक राजाच्या नाण्यानं केली. अगाथोक्लीसच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मी होती. तिथून जर्मन विद्वान लासेन यानं 1836 मध्ये काही अक्षरं लावली. पुन्हा नावच! मोठं काम केलं ते कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंचा कस तपासणाऱ्या जेम्स प्रिन्सेपनं. 1837 मध्ये त्याच्यासमोर सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरच्या लेखांच्या नकला होत्या. सगळे तुकड्या-तुकड्यांचे, ओळ-दीड ओळीचे. त्याच्या ध्यानात आलं, की बहुतेक प्रत्येक ओळ त्याच दोन अक्षरांवर संपते. देवळाच्या कठड्यावर निरनिराळे लोक काय लिहितील आणि शेवट सारखाच का करतील? आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, फरशीवर लोक काय कोरतात ते आठवा. अमक्याकडून, तमक्याच्या स्मरणार्थ. ती दोन अक्षरं म्हणजे 'दानं'! त्याआधी येणारा 'स' म्हणजे 'अमक्याचं'. 'द' मिळाला, 'न' मिळाला, बाकीची वर्णमाला भराभर लागली. पाली-प्राकृत पोथ्यांमधून जिवंत होतीच, अर्थाला अडचण पडली नाही. त्याच वर्षी दिल्लीचा खांब बोलू लागला आणि 'देवानंपिय पियदसि' हे नाव वाचलं गेलं. श्रीलंकेत पाली बखरी अभ्यासणाऱ्या टर्नरनं तो राजा म्हणजे अशोक, हे दाखवून दिलं. प्रिन्सेपही शांपोल्योंसारखाच लवकर गेला, 1840 मध्ये, चाळिशीत.

आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याची ती ओळ? तीही 'दानं' वरच संपते. वासिठीपुत कटहादि नावाच्या माणसानं लेण्याच्या दर्शनी भागाचं दान दिलं, एवढंच तिच्यात आहे. राजाबिजाचं नाव नाही. वासिष्ठीचा मुलगा. आईचं नाव आधी लावलंय त्यानं, आणि ते मला फार आवडतं.

अजिंठ्याचीच दुसरी गोष्ट ऐका. तिच्यात आपला शेजार आहे. सोळाव्या लेण्याच्या व्हरांड्याबाहेर डाव्या भिंतीवर सत्तावीस ओळींचा संस्कृत लेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव, त्यानं ते लेणं करवलं. लेखात वाकाटकांची वंशावळ आहे, पण भिंत उघड्यावर. पावसानं दगड झिजला आणि नेमकी राजांची नावं अर्धवट राहिली. असा लेख वाचायला ठसा घेतात. ओला कागद दगडावर पसरायचा आणि ब्रशनं ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवायचा. सुकत आला की वरून शाईचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा. खाचेत बसलेला कागद पांढरा राहतो, बाकी काळा होतो. डोळ्याला न दिसलेली काना-मात्रा कधीकधी ठशात उमटते.

एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी त्या झिजक्या जागी रुद्रसेन, पृथिवीषेण अशी नावं वाचली. का? तर नागपूरकडच्या ताम्रपटांमुळे वाकाटकांत ही नावं ठाऊक होती. ओळखीचं नाव डोळ्यांत आधीच बसलं होतं. मग 1939 साली आपल्या शेजारचा वाशीमचा ताम्रपट प्रसिद्ध झाला. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी. त्या ताम्रपटात राजा सांगतो, मी विंध्यशक्ती, सर्वसेनाचा मुलगा, प्रवरसेनाचा नातू. नागपूरच्या वासुदेव विष्णू मिराशींनी ही नावं घेऊन अजिंठ्याचा लेख पुन्हा अक्षर-अक्षर तपासला. तिथं रुद्रसेन नव्हताच, सर्वसेन होता. पृथिवीषेण नव्हता, विंध्यसेन होता, म्हणजे ताम्रपटातला विंध्यशक्तीच. मिराशींचा ग्रंथ 1941 मध्ये निघाला आणि एक अख्खी राजशाखा इतिहासात आली. ज्या घराण्याच्या काळात अजिंठ्याची उत्तम चित्रं झाली, तेच हे घराणं, आणि त्याची राजधानी मेहकरच्या पलीकडेच होती!

"मग आता सगळं वाचून झालं का, आबा?" नाही ग. सिंधू संस्कृतीची लिपी तशीच आहे. तिच्या खुणा आपल्या महाराष्ट्रातही आहेत, प्रवरेकाठच्या दायमाबादला त्या खापरांवर सापडल्या. पण लेख फार तोकडे, सरासरी पाचेक चिन्हांचे. शेजारी ओळखीच्या लिपीतला मजकूर नाही, कुठल्या राजाचं नाव ठाऊक नाही, आणि ते लोक कुठली भाषा बोलत याबद्दलच विद्वान भांडतात. म्हणजे दोन्ही किल्ल्या नाहीत. 2025 च्या जानेवारीत तमिळनाडू सरकारनं ती उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलंय. पाटी पुसू नका, उद्या तिच्यावर ब्राह्मीतला 'द' आणि 'न' काढून दाखवतो.