झावळीची खालची बाजू

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना वाटेत ओरत्तनाडु लागते. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ बांधलेल्या छत्रामुळे हे गाव मराठी इतिहासाला परिचित आहे. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र तेथील माडांचे बन अधिक खुणावते.

16 नोव्हेंबर 2018 रोजी आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने या पट्ट्यातील असंख्य माड आडवे केले. माडाचे कुजणारे खोड हे गेंड्या भुंग्याच्या अळ्यांचे आवडते वसतिस्थान. त्यामुळे बनात शिरताना पहिली नजर ओंडक्यांवर आणि दुसरी शेंड्याकडे जावी. भुंगा न उमललेला कोंब पोखरतो; तो उलगडल्यावर झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. नुकसान आज नजरेस पडते, भुंगा मात्र केव्हाच येऊन गेलेला असतो.

पुढे खालच्या झावळ्या काजळी धरल्यासारख्या काळ्या दिसल्या, तर रोगाची शंका येते. ही बुरशी पानात शिरत नाही. वरून ठिबकणाऱ्या गोड, चिकट स्रावावर ती वाढते. खरे कारण वरच्या झावळ्यांच्या खालच्या बाजूस आढळते. तेथे मेणचट पांढऱ्या वर्तुळांत अंडी घालणारी रुगोज चक्राकार पांढरी माशी असते. भारतात तिची नोंद 2016 मध्ये तमिळनाडूतील पोळ्ळाचीजवळ झाली. पुढे ती कोकणातही पोहोचली.

या टप्प्यावर फवारणीचा मोह होतो. त्याआधी भिंगातून पिल्ले पाहावीत. त्यांतील काळी पडलेली पिल्ले म्हणजे एन्कार्सिया या मित्रकीटकाची कामगिरी. एक मिलिमीटरहूनही लहान असलेली ही गांधीलमाशीच्या कुळातील माशी पिलाच्या आत वाढते आणि गोल छिद्र पाडून बाहेर पडते. पांढरी माशी स्वतः बाहेर पडली असेल, तर कोषावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर राहते. एवढ्या खुणेवरून बनात कोणाची सरशी होत आहे, ते समजते.

गोल छिद्रे आणि काळी पिल्ले विपुल असतील, तर रासायनिक कीटकनाशक टाळावे. ते पांढऱ्या माशीआधी तिच्या शत्रूलाच संपवते. अशा पानांचे तुकडे मित्रकीटक नसलेल्या बागेत बांधावेत. बुरशीवर एक टक्का स्टार्चचे द्रावण फवारावे. वाळल्यावर काजळीचे पापुद्रे सुटून पडतात.

ओरत्तनाडु असो वा रत्नागिरी, फवारणी पंपाआधी भिंग हाती घ्यावे.