आत्मसंरक्षणाचा हक्क आणि वृत्तपत्रांचा निवाडा

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, जयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत मानेसर हे गाव आहे. एके काळी अरवलीच्या उजाड टेकड्या आणि मोहरी-बाजरीची शेते एवढीच त्याची ओळख होती. पुढे तेथे कारखान्यांची नगरी उभी राहिली. मारुती सुझुकी कंपनीचा मोटारींचा कारखाना तेथे २००७ साली सुरू झाला. या कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी जे घडले, त्याने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले. गुन्हा, जात आणि प्रसिद्धी ही तीन एकत्र आली म्हणजे न्यायाची वाट किती बिकट होते, हे समजून घ्यावयाचे असेल तर त्या दिवसाचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

सकाळी एक कामगार आणि त्याच्यावरील पर्यवेक्षक यांच्यात वाद झाला. पर्यवेक्षकाने जातिवाचक शिवीगाळ केली, असे कामगारांचे म्हणणे; कामगारानेच पर्यवेक्षकावर हात उगारला, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. कामगारास निलंबित करण्यात आले. दिवसभर वाटाघाटी चालल्या आणि संध्याकाळी हाणामारी व जाळपोळ झाली. मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक अवनीश कुमार देव यांचा त्या आगीत मृत्यू झाला. शंभराच्या आसपास अधिकारी जखमी झाले. कामगारांनी ठरवून हल्ला केला, असे कंपनीने सांगितले. व्यवस्थापनाने आणलेल्या भाडोत्री दांडग्यांनी प्रथम मारहाण केली, असे कामगार संघटनेने सांगितले.

दोन्ही बाजू ‘आमच्यावर हल्ला झाला’ असेच म्हणत होत्या. अशा प्रसंगी कायदा काय विचारतो?

आत्मसंरक्षणाचा हक्क भारतीय कायद्यात नवा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेची कलमे ९६ ते १०६ याच हक्कासंबंधी होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलमे ३४ ते ४४ म्हणून जवळजवळ तशीच उतरली आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्याही शरीराचे, तसेच मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही, हे त्यांचे सार. प्राणाचे किंवा जबर दुखापतीचे भय वाजवी असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोचतो. मात्र त्याला चार कुंपणे आहेत. भय खरोखरीचे आणि वाजवी असले पाहिजे. पोलिसांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाही. बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. आणि भय जन्मास येते तेव्हा हक्क सुरू होतो, ते ओसरते तेव्हा तो संपतो.

यांतील चौथे कुंपण सर्वांत महत्त्वाचे होय. पंजाबातील जयदेव याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० नंतरच्या पहिल्याच वर्षांत ते स्पष्ट केले. शेताच्या ताब्यावरून तंटा पेटला होता. स्वतःचे शेत राखण्याचा हक्क आरोपींस होता, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु चालून आलेले लोक पळू लागल्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडणे या हक्कात बसत नाही, असा निर्णय दिला. जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक घाव सोनाराच्या काट्यावर तोलून घालावा, अशी अपेक्षा कायदा करीत नाही. पण संकट टळल्यावर घातलेला घाव हा बचाव नसून सूड आहे, असे तो मानतो.

ही कसोटी मानेसरला लावून पाहावी. जातीवरून केलेली शिवीगाळ हा स्वतंत्र गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांस प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्याने, चारचौघांत केलेला असा अपमान शिक्षेस पात्र ठरविला आहे. परंतु अपमान म्हणजे शरीरावरचा हल्ला नव्हे. त्यातून आत्मसंरक्षणाचा हक्क उत्पन्न होत नाही. सकाळच्या शिवीचा जबाब संध्याकाळच्या आगीने देता येत नाही. उलट, भाडोत्री माणसे लाठ्या घेऊन अंगावर आली असतील, तर त्यांना अडविण्याचा हक्क कामगारास आहे आणि तो त्याच्या जातीवर वा वेतनावर अवलंबून नाही. तोच हक्क आगीने वेढलेल्या खोलीत अडकलेल्या अधिकाऱ्यासही आहे. म्हणजे कायद्याचा प्रश्न ‘कामगार की मालक’ असा नसतोच. कोणत्या माणसाने, कोणत्या क्षणी, कोणत्या भयापोटी, काय केले, एवढेच तो विचारतो.

प्रसिद्धीचा प्रश्न याहून निराळा असतो. वृत्तपत्रास आणि दूरचित्रवाणीस सायंकाळपर्यंत बातमी द्यावयाची असते. तिला माणूस नव्हे, गट हवा असतो. मानेसरच्या घटनेनंतर जळालेल्या इमारतीची चित्रे झळकली आणि उद्योगांचे भवितव्य व परदेशी भांडवल यांची चर्चा रंगली. सकाळच्या वादाचा आणि जातीच्या आरोपाचा उल्लेख बहुधा ओळी-दोन ओळींत उरकला गेला. ‘कामगार’ हा शब्द ‘दंगलखोर’ या अर्थाने वापरला जाऊ लागला. दुसऱ्या बाजूची पत्रकेही निर्दोष नव्हती. त्यांत शोषणाचे वर्णन सविस्तर असे आणि एका माणसाचा मृत्यू मात्र तळटीप होऊन राही. पक्षपात केवळ खोटे छापल्याने होतो असे नाही. खऱ्या गोष्टींपैकी कोणती मथळ्यात जाते आणि कोणती शेवटच्या परिच्छेदात, यानेही तो होतो.

या वातावरणाची झळ न्यायालयाच्या उंबरठ्यापर्यंत पोचते, हे दुर्दैव होय. एकूण १४८ कामगारांवर खटला भरला गेला. २०१३ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने जामीन नाकारताना, अशा घटनांमुळे देशाची प्रतिमा मलिन होते आणि परदेशी गुंतवणूकदार कचरतील, असाही विचार आदेशात नोंदविला. एखाद्या आरोपीने त्या संध्याकाळी नेमके काय केले, या प्रश्नाशी भांडवलाच्या ओघाचा काय संबंध, असे कोणीही विचारील. सर्वोच्च न्यायालयाकडून पहिल्या दोघांस जामीन मिळाला तो २०१५ साली.

१० मार्च २०१७ रोजी गुडगावच्या सत्र न्यायालयाने निकाल दिला. ३१ जण दोषी ठरले. त्यांपैकी १३ जणांस खुनाबद्दल जन्मठेपेची शिक्षा झाली. उरलेले ११७ जण निर्दोष सुटले. त्यांतील ८९ जणांची नावे सांगणारे साक्षीदार अवघे चार होते. पहिल्याने सांगितलेली नावे इंग्रजी वर्णमालेच्या आरंभीच्या अक्षरांची, दुसऱ्याने त्यापुढील, तिसऱ्याने त्याच्याही पुढील आणि चौथ्याने अखेरची! धुराने कोंदलेल्या आवारात, धावपळीत, माणसे वर्णानुक्रमाने दिसत नाहीत. ती नावे डोळ्यांनी पाहून नव्हे, तर यादी समोर ठेवून सांगितली गेली, हे उघड होते.

बेकायदेशीर जमावातील प्रत्येकास समान उद्देशाच्या आधारे जबाबदार धरण्याची सोय कायद्यात आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मसाल्टीच्या खटल्यात सावधगिरीचा नियम सांगितला होता. आरोपी पुष्कळ असतील तेथे दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे नाव घेतल्याखेरीज कोणास दोषी ठरवू नये, हे त्याचे तात्पर्य. मानेसरचे ११७ जण शेवटी सुटले. पण त्यांतील बहुतेकांची दोन वर्षांहून अधिक काळाची कोठडी त्यांना कोणी परत दिली नाही. अटकेची बातमी पहिल्या पानावर आली होती. सुटकेच्या बातमीस ते स्थान क्वचितच लाभते.

हा दोष केवळ आजच्या काळाचा आहे असे समजण्याचे कारण नाही, आणि प्रसिद्धी नेहमी आरोपीच्या विरुद्धच जाते असेही नाही. मुंबईकरांस नानावटी खटल्याची आठवण आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांच्या पिस्तुलाने प्रेम आहुजा यांचा प्राण घेतला. झटापटीत पिस्तूल उडाले, असा बचाव होता. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. पारशी आणि सिंधी समाजांतील भावना तापल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांस निर्दोष ठरविले. झटापट झाली असती तर आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी राहिला असता काय, हा साधा प्रश्न मथळ्यांच्या गोंगाटात हरवला होता. तो उच्च न्यायालयात पुन्हा विचारला गेला, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. मुंबईत प्रसिद्धीने एकास तारण्याचा प्रयत्न केला, मानेसरास अनेकांना बुडविण्याचा. दोन्हीकडे कृत्याची जागा प्रतिमेने घेतली.

उपाय कोणता? वृत्तपत्रांचे तोंड बंद करणे हा नव्हे. न्यायालयाच्या अवमानाचा १९७१ चा कायदा प्रलंबित खटल्यात अडथळा आणणाऱ्या लिखाणास आवर घालतो. विधी आयोगाने २००६ साली आपल्या २०० व्या अहवालात या विषयाचा ऊहापोह केला आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समांतर खटला चालविणाऱ्या वाहिन्यांना मर्यादा घालून दिल्या. तथापि खरा उपाय वाचकाच्या हाती आहे. जात, धर्म वा वर्ग यांच्या नावाने सांगितलेली गुन्ह्याची बातमी समोर आली, की कायद्याचेच प्रश्न तिला विचारावे: कोणी? कोणत्या क्षणी? कोणत्या भयाने? आणि हे कोणी आपल्या डोळ्यांनी पाहिले? या प्रश्नांचे उत्तर बातमीत नसेल, तर निवाडा करण्याची घाई वाचकाने करू नये. अवनीश कुमार देव यांच्या मृत्यूचा न्यायही त्या प्रश्नांच्या उत्तरांतूनच व्हावयाचा होता. वर्णानुक्रमाने लिहिलेल्या यादीतून तो होऊ शकत नव्हता.