मांजर गोधडीवर लघवी करतं तेव्हा

आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते, बियाणं, मुलांची शाळा हे विषय नेहमीचेच. मध्यंतरी मात्र मांजराचा विषय निघाला आणि बैठक संपता संपेना. कुणाची गोधडी, कुणाचं ज्वारीचं पोतं, तर एकीची पापडासाठी आणलेली उडदाची डाळ वासानं वाया गेली. घरची माणसं म्हणतात, पोत्यात घाला आणि ओढ्यापलीकडे सोडून या. पण मांजर गेलं की उंदीर येतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मांजर डूख धरून असं करतं, हा आपला समज. तो खरा नाही. उकरायचं, बसायचं, झाकायचं हे त्याला पिल्लू असल्यापासून येतं. ते मोडलं, तर काहीतरी बिघडलंय.

आधी पाहा, ते बसून करतं की उभ्यानं. शेपटी वर ताठ करून, ती थरथरवत भिंतीवर किंवा पोत्यावर फवारा मारत असेल, तर ती लघवीची घाई नव्हे. ती हद्द आखणं आहे. बहुतेक वेळा हा बोकाच असतो आणि गल्लीत दुसरा बोका आला की जास्त करतो. (बांधावरून भांडणारी माणसं आपण पाहतोच की!) पाच-सहा महिन्यांचा झाल्यावर पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून त्याचं खच्चीकरण करून घेतलं, तर हे बरंच कमी होतं.

बसून करत असेल तर जागेचा विचार करा. अंगणात कोबा झाला, पावसाळ्यात बाहेर चिखल, मग मऊ कोरडी जागा म्हणजे गोधडीच उरते. एका जुन्या पसरट घमेल्यात चार बोटं कोरडी वाळू किंवा माती घालून ते शांत कोपऱ्यात ठेवा. दुधाच्या वाटीजवळ नको, मांजर जेवणाशेजारी घाण करत नाही. घाण रोज काढा, आठवड्यानं सगळी वाळू बदला. दोन मांजरं असतील तर दोन घमेली. आपण चुलीची राख टाकतो, पण ओली राख पायाच्या गादीला झोंबते आणि मांजर ते पाय चाटतं. वाळूच बरी.

जुना वास राहिला की मांजर पुन्हा तिथंच बसतं. गोधडी कपडे धुण्याच्या पावडरीत भिजवा, धुवा, कडक उन्हात टाका. सारवलेली जमीन असेल तर वरची माती खरवडून मग सारवा. फिनेल मांजराला विषारी असतं. लघवीवर ब्लीचिंग पावडर टाकू नका, त्यातून निघणारा वायू आपल्याच छातीला त्रास देतो. आणि मारू नका. मार खाल्लेलं मांजर लपून करतं, मग माळ्यावर शोधत बसा.

आता खरं काळजीचं. बोका पुन्हा पुन्हा बसतो, जोर लावतो, ओरडतो, पण थेंबही येत नाही, अशा वेळी त्याची लघवी तुंबलेली असू शकते. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. थोडी थोडी, रक्तमिश्रित लघवी होत असेल तरी दाखवाच. दुखतंय म्हणून आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीही देऊ नका. एका गोळीनंही मांजर मरतं.

घरात गरोदर बाई असेल तर घमेलं तिनं साफ करायचं नाही. मांजराच्या विष्ठेतून एक परजीवी पसरू शकतो, तो पोटातल्या बाळाला घातक ठरतो. ताज्या विष्ठेतून तो लगेच लागत नाही, त्याला किमान एक दिवस लागतो, म्हणूनच घाण रोज काढायची. त्यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नाही, हे काम नवऱ्यानं करावं. काढलेली वाळू परसातल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकू नका, लांब खड्डा करून पुरा आणि हात साबणानं धुवा.